पावसाळ्यात शेडमधलं लिटर सारखं ओलं होतंय? तूस टाकण्याआधी पाणी कुठून येतंय ते शोधा

ब्रॉयलरच्या शेडमध्ये जूनपासून सप्टेंबरपर्यंत वारंवार येणारा एकच दोष सांगायचा झाला तर तो ओल्या लिटरचा, म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या तुसाच्या थराचा. वर नवं तूस टाकलं की दोन दिवस बरं दिसतं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. याचं कारण साधं आहे. तूस ओल शोषतं, ओल येणं थांबवत नाही. पाणी जिथून येतंय ती जागा बंद झाल्याशिवाय पोत्यामागून पोती टाकणं म्हणजे गळक्या छपराखाली पातेलं ठेवण्यासारखं आहे.

खालच्या तपासण्या फुकट आणि सोप्यापासून महाग आणि अवघडापर्यंत लावल्या आहेत. क्रम मोडू नका. औषधांवर खर्च करून झाल्यावर निपलची, म्हणजे पक्षी चोच मारून पाणी पितात त्या छोट्या तोटीची, उंची चुकली होती हे कळणं फार वाईट.

लक्षणं

लिटर मुठीत दाबा आणि मूठ उघडा. गोळा होऊन क्षणात भुसभुशीत मोडला तर ओल बरोबर आहे, साधारण २० ते २५ टक्के. गोळा तसाच राहिला, तळहाताला ओल लागली, तर लिटर ओलं. गोळा झालाच नाही आणि धूळ उडाली तर फार कोरडं, तेही श्वासाला वाईट.

पुढची पायरी म्हणजे पोळी धरणं. वरचा थर चामड्यासारखा होतो, पाय ठेवला की सरकतो. उचलला की खालून काळपट, चिकट आणि उग्र वासाचा निघतो. या अवस्थेत पक्ष्यांचे तळपाय तपासा. दहा पक्षी उचला आणि पंजे उलटे करून बघा. तळव्याच्या मधोमध तपकिरी-काळी खपली दिसली तर लिटर काही दिवसांपासून ओलं आहे, तुमच्या लक्षात आज आलंय. टाचेच्या सांध्यावर लालसर डाग, छातीवरची पिसं घाण आणि चिकट, हीही त्याच साखळीतली. पाय दुखणारा पक्षी खाद्याकडे कमी जातो, बसून राहतो, ओल्या लिटरवर बसल्यामुळे छातीची कातडी भाजल्यासारखी होते. वजनात घट इथून सुरू होते.

वासाबद्दल एक गोष्ट नीट लक्षात घ्या. रोज शेडमध्ये वावरणाऱ्याचं नाक अमोनियाला सरावतं. २५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत २५ भाग) वर पक्ष्यांना त्रास सुरू होतो, पण सरावलेल्या माणसाला तो वास जाणवतही नाही. म्हणून पहाटे पडदे उघडण्याआधी शेडमध्ये जा आणि उकिडवे बसून, पक्ष्यांच्या डोक्याच्या उंचीवर, श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर पक्षी रात्रभर त्याच हवेत होते. डोळे मिटून बसलेले, डोळ्यांत फेस आलेले, शिंकणारे किंवा घरघरणारे पक्षी दिसले तर हवा बऱ्याच दिवसांपासून बिघडली आहे. अमोनियाने श्वासनलिकेचं आतलं अस्तर खराब होतं आणि मग सीआरडी (जुनाट श्वसनरोग) आणि ई. कोलाय जिवाणू यांना वाट मोकळी मिळते.

थांबा, आधी विष्ठा बघा

बाकी काही करण्याआधी शेडभर एक फेरी मारून विष्ठा बघा. लाल किंवा चॉकलेटी रंगाचं रक्त, केशरी शेंबडासारखी विष्ठा, किंवा न पचलेले दाणे तसेच बाहेर पडताना दिसले, तर ही यादी बाजूला ठेवा आणि थेट डॉक्टरांच्या भागाकडे (क्रमांक ८) या. तिथे लिटर हे कारण नसून परिणाम आहे आणि तिथे एक दिवस वाया घालवणंही परवडत नाही.

ओल कुठे आहे, त्याचा नकाशा

खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं, आणि निम्मं निदान इथेच होतं. कागदावर शेडचा चौकोन काढा, पाण्याच्या लाइनी आणि खाद्याच्या भांड्यांच्या रांगा आखा. मग मूठ-परीक्षा करत फिरा आणि ओल्या जागी फुली मारा.

पाण्याच्या लाइनीखाली पट्टा ओला असेल तर दोष पाण्याच्या भांड्यांत आहे. बाजूच्या भिंतींलगत ओल, त्यातही पावसाच्या बाजूला जास्त, तर झड किंवा पागोळ्या आत येतायत. सुट्या सुट्या गोल डागांवर वर मान करून बघा, छप्पर गळत असेल. वरून कोरडं आणि हात खोल घातल्यावर ओलं लागलं तर जमिनीतून पाझर आहे. सगळीकडे सारखंच ओलं असेल तर हवा कोंडलीय, पक्षी दाटलेत किंवा विष्ठाच पातळ होतेय. हा नकाशा जपून ठेवा, दोन दिवसांनी पुन्हा काढून ताडून बघायचा आहे.

१. पाण्याची भांडी आणि निपल

सर्वांत जास्त वेळा दोष इथेच सापडतो, आणि दुरुस्तीला बहुधा पैसाही लागत नाही.

एका निपलमधून सेकंदाला एक थेंब गळत असेल तर ते क्षुल्लक वाटतं. साधारण २० थेंबांचा एक मिलीलिटर धरला तर दिवसाला सव्वाचार लिटरच्या वर पाणी होतं. असे दहा निपल म्हणजे रोज दोन मोठ्या बादल्या पाणी, तेही नेमकं एकाच पट्ट्यात. रात्री दिवे मंद असताना पक्षी फारसं पाणी पीत नाहीत. त्या वेळी टॉर्च घेऊन प्रत्येक निपलखाली तळहात धरत जा. गळणाऱ्या निपलला सुतळी बांधून ठेवा, म्हणजे सकाळी शोधत बसावं लागणार नाही. निपल काढून स्वच्छ पाण्यात धुवा, आतली वाळू किंवा क्षाराचा कण निघाला की बहुतेक वेळा गळती थांबते. न थांबल्यास निपल बदला.

उंची. पहिल्या दोन-तीन दिवसांत निपल पिल्लाच्या डोळ्यांच्या रेषेत. त्यानंतर पक्ष्याने मान वर करून प्यायला हवं, पाठीचा जमिनीशी लहान पिल्लांत साधारण ४५ अंशांचा आणि मोठ्या पक्ष्यांत ७५ ते ८५ अंशांचा कोन होईल इतकं, आणि दोन्ही पावलं जमिनीवर पूर्ण टेकलेली. निपल खाली राहिला की पक्षी बाजूने चोच मारतो, अर्धं पाणी चोचीबाहेर जातं आणि अंगाचा धक्का लागूनही थेंब पडतात. फार वर गेला तर पक्षी उड्या मारतो, तेव्हाही सांडतं. तिसऱ्या आठवड्यानंतर पक्षी इतक्या वेगाने वाढतो की आठवड्यातून एकदा उंची बदलून भागत नाही, दर दोन दिवसांनी बघावी लागते.

दाब. ओव्हरहेड टाकीतून रेग्युलेटरशिवाय सरळ लाइन सोडलेली असेल तर दाब टाकीच्या उंचीवर ठरतो, आणि तो लहान पिल्लांसाठी जवळपास नेहमीच जास्त असतो. दाब जास्त झाला की निपल जेवढं पिता येईल त्याहून जास्त पाणी सोडतो. रेग्युलेटर लावा, पहिल्या आठवड्यात दाब कमीत कमी ठेवा आणि वयानुसार वाढवा. नेमका आकडा निपलच्या माहितीपत्रकात असतो, कारण प्रत्येक बनावटीचा तो वेगळा असतो.

बेल ड्रिंकर (घंटेच्या आकाराची टांगती पाण्याची भांडी) असतील तर कड पक्ष्याच्या पाठीच्या रेषेत आणि मोठ्या पक्ष्यांसाठी पन्हळीतलं पाणी अर्ध्या इंचाच्या आसपास. बेलच्या आतली वजनाची बाटली रिकामी राहिली की बेल हेलकावे खातं आणि प्रत्येक हेलकाव्याला पाणी सांडतं. ही बाटली भरायची अनेकदा राहूनच जाते. ८० ते १०० पक्ष्यांना एक बेल आणि १० ते १२ पक्ष्यांना एक निपल, यापेक्षा कमी असतील तर धक्काबुक्की होते आणि सांडणं थांबत नाही.

२. पोळी काढणं आणि लिटर खालवर करणं

पाण्याची जागा बंद केल्यावरच हे काम करा. पोळी धरलेला भाग दाताळ्याने मोडून आत मिसळू नका. तो उचलून घमेल्यात भरा आणि शेडबाहेर लांब टाका. मिसळला तर ओल आणि अमोनिया दोन्ही शेडभर पसरतात. रिकाम्या जागी कोरडं तूस दोन-तीन इंच भरा.

उरलेलं लिटर आठवड्यातून दोनदा खालवर करा, पावसाच्या सलग झडीत एक दिवसाआड. वेळ दुपारची, पडदे उघडे असताना. संध्याकाळी हलवलं तर सुटलेला अमोनिया रात्रभर कोंडतो. एका वेळी शेडचा तिसरा भागच घ्या, पक्षी घाबरून कोपऱ्यात गोळा झाले तर दबून मरतात.

चुन्याबद्दल स्पष्ट सांगायला हवं, कारण तो सर्रास टाकला जातो. चुना ओल ओढतो हे खरं, पण तो लिटरचा आम्लपणा कमी करतो आणि त्यामुळे लिटरमध्ये धरून राहिलेला अमोनिया एकदम सुटतो. पक्षी आत असताना, वास येत असलेल्या लिटरमध्ये चुना कालवणं धोक्याचं आहे. बॅच निघाल्यावर फरशीला चुना लावा, त्याची खरी जागा ती.

३. पडदे आणि हवा

पाऊस आला की चारी बाजूंचे पडदे वरपर्यंत ओढायचे, ही सवय लिटरचं सर्वांत जास्त नुकसान करते. हिशेब बघा. चार आठवड्यांचे १००० पक्षी दिवसाला साधारण २५० लिटर पाणी पितात. त्यातलं बहुतेक विष्ठेतून आणि श्वासातून परत शेडमध्येच येतं. हवेला बाहेर जायला वाट नसेल तर ते जाणार कुठे? लिटरमध्येच.

पडदा खालून पक्का आणि वरून उघडणारा हवा. पावसातही वरची फट एक ते दीड फुटाची मोकळी ठेवा. उबदार, दमट, अमोनियाची हवा वर चढते आणि तिथूनच निघते. थंड झोत पक्ष्यांच्या अंगावर येत नाही, कारण खालचा भाग झाकलेला असतो. तुमचे पडदे वर बांधलेले आणि खालून गुंडाळणारे असतील तर या पावसाळ्यात एवढा एक बदल कराच. पडद्याच्या कापडापेक्षा दोऱ्या आणि कप्प्यांचा खर्च किरकोळ आहे.

ब्रूडिंगच्या काळात, म्हणजे पिल्लांना कृत्रिम ऊब देण्याच्या पहिल्या दिवसांत, ऊब टिकवण्यासाठी शेड बंद ठेवलं जातं आणि पहिल्या आठवड्यातच लिटर दमट होतं. इथे ऊब हीच मदत आहे. हवेचं तापमान १० अंशांनी वाढलं की तिची बाष्प धरण्याची क्षमता जवळजवळ दुप्पट होते. म्हणून ब्रूडर चालू असताना वरची थोडी फट ठेवली तर तापलेली हवा ओल घेऊन बाहेर जाते. ब्रूडर बंद आणि पडदेही बंद, ही जोडी टाळा. पंखे असतील तर ते लिटरवरून हवा फिरवतील अशा कोनात लावा. मात्र ओल्या भिंतीवरची उघडी वायर, शॉक देणारा पाइप किंवा ठिणगी दिसली तर मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा, त्यात स्वतः हात घालू नका.

४. बाहेरून येणारं पाणी

छपराची गळती भर दुपारी आतून शोधा. दिवे बंद करून वर बघितलं की पत्र्यातली भोकं उजेडाच्या टिपक्यांसारखी दिसतात. बहुतेक जागा जे-हुकच्या (पत्रा पकडणाऱ्या वाकड्या खिळ्याच्या) वॉशरपाशी असतात. रबर कडक होऊन फाटलेलं असतं, वॉशर बदलला की काम झालं. सिमेंटचे पत्रे ओले असताना त्यांवर चढू नका, ते मधे तुटतात.

वळचण तीन ते चार फूट बाहेर हवी. कोकणात आणि घाटमाथ्यावर त्याहून कमी असेल तर झड आत येणारच. तात्पुरता उपाय म्हणून वळचणीच्या टोकापासून शेडनेट तिरकी बाहेर ताणून बांधा. झड अडते, हवा चालते. पागोळ्या जिथे पडतात तिथे चर खणून पाणी उताराने लांब न्या. पाणी शेडच्या भिंतीशी साचलं की जोत्यातून आत झिरपतं आणि मग दोष आतला वाटतो.

५. दाटी

पावसाळ्याच्या बॅचला प्रत्येक पक्ष्याला १.२ चौरस फूट जागा धरा. कोरड्या थंडीत १ चौरस फुटात जे चालतं ते जुलैत चालत नाही, कारण लिटर सुकायला हवाच कोरडी नसते. बॅच मधेच दाटली असेल तर वजनात बसणारे पक्षी लवकर उचलायला लावणं हा एकच प्रामाणिक उपाय आहे. कंपनीच्या करारावर पक्षी वाढवत असाल तर कंपनीच्या सुपरवायझरशी आधीच बोला.

६. पाण्याची शुद्धता

ओल सगळीकडे सारखी आहे, भांडी ठीक आहेत, हवाही ठीक आहे, आणि विष्ठा पातळ आहे पण रक्त नाही. तर आता पाणी. पहिल्या पावसानंतर विहिरीचं पाणी गढूळ होतं आणि त्यात ई. कोलाय येतो. आतड्याला सूज आली की विष्ठा पातळ.

ताज्या ब्लीचिंग पावडरमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरिन असतं. १००० लिटरला ८ ग्रॅम म्हणजे सुमारे अडीच पीपीएम. पावडर आधी बादलीत कालवा, गाळ बसू द्या, वरचं निवळ पाणी टाकीत ओता आणि अर्ध्या तासाने पाणी सोडा. उघड्या पिशवीतली जुनी पावडर निकामी असते. क्लोरिन टाकीत तपासून उपयोग नाही. लाइनीच्या शेवटच्या निपलपाशी पट्टीने तपासा, तिथे १ ते ३ पीपीएम मिळालं पाहिजे. तिथे शून्य येत असेल तर लाइनीच्या आतला शेवाळी थर ते खातोय. लाइन दाबाने धुवा. जीवनसत्त्वं किंवा गूळपाणी दिल्यानंतर लाइन न धुतल्यास हाच थर वाढतो. पाण्यातून लस द्यायची असेल तर त्याआधी आणि नंतर एकेक दिवस क्लोरिन बंद ठेवा, नाहीतर लस मरते.

७. खाद्य

स्वतः खाद्य बनवणाऱ्यांनी इथे थांबून फॉर्म्युला बघावा. सोडियम ०.१६ ते ०.२३ टक्क्यांच्या पट्ट्यात हवं. उन्हाळ्यात उष्णतेसाठी टाकलेला खाण्याचा सोडा पावसाळ्यातही तसाच चालू राहिलेला असतो, वर मीठ वेगळं, शिवाय सुकटीतलं मीठ मोजलेलंच नसतं. सोडियम वाढलं की पक्षी जास्त पाणी पितो आणि तेवढंच बाहेर टाकतो. सुकटीची मात्रा आणि मीठ प्रयोगशाळेतून तपासून घ्या. प्रथिनं गरजेपेक्षा जास्त झाली तरी जादा नायट्रोजन बाहेर टाकायला पक्ष्याला पाणी लागतं, आणि लिटरमध्ये अमोनियाही वाढतो.

मका हातात घेऊन वास घ्या. कुबट वास, हिरवट-काळी बुरशी, आतून गरम लागणारं पोतं, यातलं काहीही असेल तर तो मका पक्ष्यांना नको. टॉक्सिन बाइंडर (बुरशीचं विष बांधून ठेवणारी पावडर) टाकून सडका मका चांगला होत नाही. खाद्याची पोती भिंतीपासून एक फूट लांब आणि लाकडी फळ्यांवर ठेवा. कंपनीचं खाद्य असेल आणि नवी गाडी उतरल्यापासून तीन दिवसांत विष्ठा पातळ झाली असेल तर गाडीची तारीख, बॅच नंबर आणि किलोभर नमुना बंद पिशवीत ठेवून कळवा. नमुन्याशिवाय केलेली तक्रार कुठेच पोहोचत नाही.

८. इथे थांबा, डॉक्टरांना बोलवा

विष्ठेत रक्त, पंख पाडून गोळा होऊन बसलेले पक्षी, पांढरा पडलेला तुरा: ही रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस असू शकते. तीन ते पाच आठवड्यांच्या पक्ष्यांत जास्त येते. हा रोग करणाऱ्या परजीवीच्या अंड्यांना संसर्गक्षम व्हायला ओल, ऊब आणि हवा लागते. ओल्या लिटरमध्ये तिन्ही असतात आणि एक-दोन दिवसांत ती तयार होतात. नेहमीच्या जंतुनाशकांनी ती मरत नाहीत, त्यामुळे शेडमध्ये फवारणी करून सुटका नाही. पशुवैद्यक ताजा मेलेला पक्षी उघडून आतडं आणि सीकम (आतड्याच्या शेवटाकडच्या दोन बंद पिशव्या) बघतील, विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली तपासतील, तेव्हाच कॉक्सी की नेक्रोटिक एन्टेरायटिस (जिवाणूंमुळे आतडं सडवणारा रोग) हे ठरतं. दोन्हींचं औषध वेगळं आहे.

दुकानातून अँटिबायोटिक आणून देऊ नका. चुकीचं औषध रोग लपवतं आणि विक्रीआधी औषध बंद ठेवण्याचा काळ पाळला गेला नाही तर ते मांसातून लोकांच्या पोटात जातं. कोलिस्टिन तर खाद्य प्राण्यांसाठी २०१९ पासून देशात बंद आहे, कुणी दिलं तरी घेऊ नका.

मरतूक हा दुसरा इशारा. मोठ्या पक्ष्यांत हजारामागे दिवसाला एखाद-दुसरा जातो. तो आकडा सलग दोन दिवस दुप्पट झाला तर तिसऱ्या दिवसाची वाट बघू नका. आणि एकाएकी ढिगाने मरू लागले, डोकं-तुरा सुजून निळसर झाला, मान वाकडी झाली, तर प्रश्न लिटरचा नाही. राणीखेत किंवा बर्ड फ्लू असू शकतो. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला होता, हे आपल्याच राज्यात घडलेलं आहे. अशा वेळी पक्षी उघडू नका, विकू नका, शेडमधून माणूस-गाडी-ट्रे काहीही बाहेर जाऊ देऊ नका. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर लगेच कळवा. नमुने पुण्यातल्या औंधच्या सरकारी प्रयोगशाळेपर्यंत कसे न्यायचे ते तेच ठरवतील.

९. जमिनीची ओल

सर्वांत महाग म्हणून शेवटी, आणि हे काम शेड रिकामं असतानाच. फरशी झाडून कोरडी करा. दीड-दोन फूट चौकोनी जाड प्लॅस्टिक जमिनीवर अंथरा, चारी कडा चिकटपट्टीने बंद करा आणि २४ तास ठेवा. उचलल्यावर प्लॅस्टिकच्या खालच्या बाजूला थेंब दिसले किंवा कोबा गडद झाला तर ओल जमिनीतून येते. वरच्या बाजूला थेंब असतील तर ती हवेतली ओल, फरशीचा दोष नाही. शेडच्या मध्यात, भिंतीपाशी आणि टाकीच्या बाजूला अशा तीन जागी हे करा. एकाच जागी ओल आली तर गाडलेली पाइप फुटलेली असण्याची शक्यता जास्त, ती प्लंबरकडून तपासून घ्या.

सगळीकडे आली तर जोतं जमिनीपासून दीड-दोन फूट वर आहे का बघा. नसेल तर बाहेरचा चर खोल करणं हा पहिला आणि स्वस्त उपाय. त्यानेही न भागल्यास मुरूम भरून, वर जाड प्लॅस्टिकचा थर देऊन नवा कोबा करावा लागतो. हे गवंड्याकडून अंदाज घेऊन, दोन बॅचच्या मधल्या मोठ्या खंडात करा. नवा कोबा पूर्ण सुकल्याशिवाय तूस टाकू नका. तूस मात्र मे महिन्यातच भरून ठेवा. जुलैत मिळणारं तूस गिरणीच्या उघड्या ढिगातून येतं आणि बऱ्याचदा ओलंच उतरतं. गाडी रिकामी करण्याआधी पोत्यात खोल हात घालून मूठ-परीक्षा करा.